हिशेब मोठ्याने करा : पैसा, काम आणि घरातली मुलं

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

या वेळी आलेल्या पत्रांत एक तक्रार सारखी डोकावते: ‘मुलांना पैशाची किंमतच नाही.’ असणार कशी? घरातले पैशाचे बहुतेक निर्णय आई-बाबांच्या डोक्यात होतात. मुलांच्या कानावर येतं ते फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. मधला हिशेब त्यांना ऐकूच येत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा या ना त्या रूपात येईल.

मुलगी सहा वर्षांची आहे. हातखर्चाला पैसे कधीपासून द्यावेत, किती द्यावेत, आठवड्याला की महिन्याला? घरात एकमत होत नाही.

वयावर वाद घालण्यापेक्षा एक छोटी चाचणी घ्या. टेबलावर एका बाजूला दहाचं एक नाणं ठेवा, दुसऱ्या बाजूला एकची पाच नाणी. ‘कुठली बाजू घेशील?’ एवढंच विचारा. हात पाच नाण्यांकडे गेला तर मूल अजून नग मोजतंय, किंमत नाही. यात काळजीचं काही नाही. साधारण सात वर्षांपर्यंत मुलं डोळ्यांना जे जास्त दिसतं त्यालाच जास्त मानतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी पाण्याच्या पेल्यांपासून मण्यांच्या ओळींपर्यंत अनेक प्रयोगांतून दाखवलं होतं. अशा मुलाला पैसे द्यायला हरकत नाही, पण सगळी नाणी एकाच किमतीची द्या. दहाच्या नाण्याकडे हात गेला की दुसरी पायरी: पाचची वस्तू घेताना दहा दिले तर परत किती यायला हवेत? हे जमलं की सुट्ट्या पैशांचा व्यवहार सुरू करता येतो.

रक्कम ठरवताना शेजाऱ्यांकडे काय देतात ते विचारू नका. दोन आठवडे एक कागद दाराजवळ चिकटवून ठेवा आणि मुलीसाठी केलेला प्रत्येक किरकोळ खर्च त्यावर लिहा: गोळ्या, स्टिकर, खेळणं, हट्टापायी घेतलेलं काहीबाही. शाळेची फी, कपडे, औषधं यात धरायची नाहीत. दोन आठवड्यांच्या बेरजेचा निम्मा म्हणजे एका आठवड्याचा खर्च. त्यातल्या ज्या दोन-तीन बाबी मुलीला झेपतील, तेवढ्याच तिच्या हाती द्या. त्या बाबींचा खर्च आणि वर १० ते २० टक्के, ही तिची आठवड्याची रक्कम. वरचा हा भाग महत्त्वाचा आहे. खर्चाइतकेच पैसे दिले तर निवड करायला जागाच उरत नाही, मूल फक्त पोस्टमन होतं. दुप्पट दिले तरी निवड नाहीच, कारण सगळंच परवडतं.

सहा-सात वर्षांच्या मुलांना आठवडासुद्धा मोठा वाटतो. महिना त्यांच्या लेखी जवळजवळ अनंत असतो. म्हणून नऊ-दहा वर्षांपर्यंत आठवडी, मग पंधरवडी आणि तेरा-चौदाच्या पुढे महिन्याला द्या. टप्पा बदलताना रकमेबरोबर एखादी नवी बाबही सोपवा, वह्या-पेनं किंवा मित्रांच्या वाढदिवसाच्या भेटी.

पैसे सुट्ट्यातच द्या, एक नोट देऊ नका. ते वाटून ठेवायचे असतील तर वाटता येतील असे हवेत. झाकणाची काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या, मातीचा बंद गल्ला नको. बंद गल्ल्यात पैसे ‘जातात’, बरणीत ते ‘वाढतात’. लहान मुलाला शिल्लक डोळ्यांनी दिसावी लागते. बरणीवर रंगीत कागदाची पट्टी चिकटवून ‘इथपर्यंत आलं की ती वस्तू’ अशी खूण करा. पहिलं लक्ष्य तीन-चार आठवड्यांत गाठता येईल असंच ठेवा. पहिल्याच खेपेला सहा महिन्यांचं ध्येय ठेवलं की दुसऱ्या महिन्यात बरणी रिकामी झालेली दिसते.

आता बिघडतं कुठे ते. मुलांकडून कमी बिघडतं, जास्त आपल्याकडून. ठरलेला वार चुकतो. ‘सुट्टे नाहीत, उद्या देते’ होतं आणि तो उद्या उजाडत नाही. याची किंमत वाटते त्याहून मोठी आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा मुलांवरचा गोड खाऊचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो: आत्ता एक घे, थांबलीस तर दोन. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा त्याचा सरसकट अर्थ लावला गेला. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांवर हाच अभ्यास पुन्हा झाला तेव्हा तो संबंध बराच कमजोर निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी आटला. त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी एक छोटा पण डोळे उघडणारा प्रयोग केला होता. काही मुलांना मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला, काहींना दिलेला मोडला. मग तीच खाऊची परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी सुमारे १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली सुमारे ३ मिनिटं. प्रयोगात मुलं २८ च होती, पण अर्थ सरळ आहे: समोरचा शब्द पाळेल याची खात्री नसेल तर आत्ता मिळतंय ते खाऊन टाकणं हाच शहाणपणा. शनिवार म्हणजे शनिवार. सुट्टे शुक्रवारीच काढून ठेवा.

दुसरी चूक उचल देण्याची. मंगळवारी पैसे संपले, बुधवारी रडारड, गुरुवारी आजोबांनी गुपचूप हातावर ठेवले. पैसे संपतात हा अनुभव यायच्या आतच पुसला गेला. रिकाम्या हाताचे तीन दिवस सहाव्या वर्षी फार स्वस्तात पडतात. ‘बघ, मी सांगितलं होतं’ हे वाक्य मात्र गिळून टाका. ते म्हटलं की मूल पैशाचा विचार सोडून तुमच्यावर चिडतं.

तिसरी, शिक्षा म्हणून पैसे कापणे. भांडण केलं म्हणून पैसे कमी, गुण वाढले म्हणून जास्त. यातून हातखर्चाचं साधन बोथट होतं, कारण मग कशाचीच योजना करता येत नाही.

घरातल्या कामाचे पैसे द्यावेत का? आम्ही ताट उचलण्याचेही देतो, आता मुलगा पाण्याचा पेला आणायलाही ‘किती देणार?’ विचारतो.

तुमच्या घरात जे झालं त्याला शास्त्रीय आधारही आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना ‘काढलंत तर बक्षीस’ असं आधी सांगून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे कमी वळली. दुसरं उदाहरण पालकांचंच आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. दंड काढून घेतल्यावरही ते कमी झाले नाहीत. ग्निझी आणि रुस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. भीड होती तिथे दर आला आणि दर परवडत होता.

म्हणून कामाचे दोन ढीग करा. आपलं ताट, आपलं अंथरूण, आपला पसारा आणि घराचं रोजचं सामायिक काम, याला पैसे नाहीत. घरात राहतो म्हणून करायचं. दुसरा ढीग अशा कामांचा, ज्यासाठी तुम्ही बाहेरच्या माणसाला पैसे दिले असते किंवा जे महिन्यातून एकदाच निघतं: खिडक्या धुणं, माळा आवरणं, सायकल साफ करून तेल देणं. याला दर ठेवा आणि तो कामाआधी ठरवा.

बहुतेक घरांत दर ठरतो, पण ‘झालं’ म्हणजे काय ते ठरत नाही. खिडकीचंच घ्या. ‘खिडकी धू’ असं सांगितलं तर मूल काचेवर ओलं फडकं फिरवून येईल आणि भांडण होईल. त्याऐवजी कागदावर पाच ओळी लिहा: आधी कोरड्या ब्रशने चौकटीच्या खाचेतली धूळ काढायची, मग साबणाचं पाणी वरून खाली, मग साधं पाणी, मग कोरड्या सुती फडक्याने पुसणं, शेवटी खाली सांडलेलं पाणी टिपणं. तपासणीही ठरवून ठेवा: खाचेत बोट फिरवल्यावर काळं लागता कामा नये आणि बाजूने पाहिल्यावर काचेवर ओघळ दिसता कामा नयेत. पहिली खिडकी मुलासमोर तुम्ही धुवा, दुसरी दोघांनी मिळून, तिसरी त्याने एकट्याने.

काम अर्धवट झालं तर पैसे अर्धे करू नका. काम पुरं होईपर्यंत पैसे नाहीत, इतकंच. आणि त्याच्या पाठीमागे जाऊन तुम्ही ती खिडकी पुन्हा पुसू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की कसंही केलं तरी आई निस्तरते.

पेल्याचा प्रश्न राहिला. आजपासून नियम बदलतोय असं सरळ सांगा, ताटाचे पैसे बंद करा आणि साधारण तितकी रक्कम हातखर्चात घाला. मुलाची आवक एकदम घटली तर त्याला नियम दिसणार नाही, फक्त अन्याय दिसेल.

माझं लाकूडकामाचं छोटं वर्कशॉप आहे. अकरा वर्षांच्या मुलीला सुट्टीत बरोबर न्यायचं म्हणतो. काय शिकवू? ती म्हणते, ‘बाबा, तुम्ही लोकांकडून फार जास्त पैसे घेता.’

आधी सुरक्षेचं. फिरती पाती, रंधा मशीन, पॉलिशचे वास, यापासून या वयात लांब. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा किमान वयाविषयीचा करार सर्वसाधारण कामासाठी १५ वर्षं आणि हलक्या कामासाठी १३ वर्षं धरतो (विकसनशील देशांना अनुक्रमे १४ आणि १२ ची मुभा आहे). अकराव्या वर्षी ती कामगार नाही, पाहुणी आहे. दिवसाला दोन तास पुष्कळ. पॉलिशपेपरने हाताने घासणं, स्क्रू मापाप्रमाणे लावून ठेवणं, टेपने माप घेऊन दुसऱ्यांदा तपासणं, गिऱ्हाइकाशी बोलताना वहीत नोंद करणं, एवढं तिला द्या.

तिच्या टोमण्याचं मात्र सोनं करा. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ गुस्ताव जहोदा यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या मुलांकडून दुकानाचा खेळ खेळून घेतला. दुकानदार माल ज्या भावाने आणतो त्याहून जास्त भावाने विकतो, ही गोष्ट बऱ्याच मुलांना दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत नीट उमगलेली नव्हती. तुमची मुलगी त्या पुढे आलेली आहे. फरक आहे हे तिला कळलंय, तो कुठे जातो हे कळायचंय.

एक स्टूल घ्या. आकडे कुठल्याही चलनातले धरा, आपल्या वहीतले घालून पुन्हा करा. तिला आधी विचारा, खर्च किती? ती म्हणेल लाकूड २००, स्क्रू, पॉलिशपेपर आणि पॉलिश ४०, एकूण २४०. विक्री ७१३. म्हणजे बाबांना ४७३ सुटले! आता तिच्याच हाताने पुढच्या ओळी लिहून घ्या. कापताना तुकडे वाया जातात, ते लाकडाच्या १५ टक्के धरले तर ३०. ते तुकडे तिला हातात घेऊन बघू द्या, कोपऱ्यातल्या पोत्यातच पडलेले असतात. काम ५ तास, तासाला ६० प्रमाणे ३००. जागेचं भाडं, वीज आणि अवजारांची झीज यांचा या स्टूलावर येणारा वाटा ५०. झाली बेरीज ६२०. त्यावर १५ टक्के म्हणजे ९३. सुटले ते हे ९३.

मग घड्याळ लावा. ५ तासांचं काम एखाद्या दिवशी ७ तासांवर गेलं, कारण एक पाय आखूड कापला गेला. दोन तासांचे १२० वाढले. ९३ मधून १२० वजा केले की २७ चा तोटा. माप दोनदा का घ्यायचं, हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

स्वतःच्या तासाला दर लावणं हे बऱ्याच कारागिरांनाही जमत नाही. दिवसअखेर गल्ल्यात जे उरलं ते सगळं ‘सुटलं’ असं ते धरतात. मुलीबरोबर हा कागद करताना कदाचित तुमचाच एखादा जुना भाव चुकलेला सापडेल. सापडला तर तिच्यासमोर कबूल करा.

घरावर कर्ज आहे, सध्या ओढाताण आहे. मुलं दहा आणि चौदा वर्षांची. त्यांना सांगावं की लपवावं?

लपत नाही. दार लावून बोललेलं मुलांना ऐकू येतंच, फक्त अर्धं येतं, आणि उरलेलं अर्धं ती मनाने भरतात, बहुतेक वेळा खऱ्याहून भयानक. सांगताना तीन गोष्टी सांगा: काय बदलणार, काय बदलणार नाही आणि फेडायची जबाबदारी कोणाची. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ‘हे आम्ही मोठे बघतो आहोत’ हे वाक्य शब्दशः उच्चारा. नाहीतर दहा वर्षांचं मूल शाळेच्या सहलीचा कागद दप्तरातच दडवून ठेवतं.

आकडा सांगायचा नसेल तर प्रमाण दाखवा. काडेपेट्यांतल्या १०० काड्या मोजून घ्या. गुल आधी पाण्यात बुडवून निकामी करा. या १०० म्हणजे महिन्याची आवक. दोन्ही मुलांना समोर बसवून एकेक ढीग बाजूला करा: घरभाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, शाळा, प्रवास, वीज-पाणी, कर्जाचा हप्ता, औषधपाणी. शेवटी उरलेल्या पाच-सात काड्या बघून चौदा वर्षांचा मुलगा सहसा गप्प होतो. तिथेच थांबा, उपदेश नको. मग विचारा, कुठल्या ढिगातून एक काडी काढता येईल? सूचना मान्य झाली तर पुढच्या महिन्यात ती काडी खरंच वाचली का ते दाखवा. त्याचं बोलणं कुठेच पोचलं नाही तर पुढच्या वेळी तो बसणार नाही.

‘आपल्याला परवडत नाही’ हे जपून वापरा. दुकानात हे म्हणायचं आणि संध्याकाळी स्वतःसाठी नवा फोन घ्यायचा, हे मुलं बरोबर टिपतात. ‘या महिन्यात यासाठी पैसे ठेवलेले नाहीत’ हे बहुतेक वेळा जास्त खरं असतं.

व्याज कसं समजावू? मुलगा नऊ वर्षांचा आहे, बँकेचं पासबुक दाखवलं तर जांभई देतो.

जांभई रास्त आहे, वर्षाला मिळणारं थोडंसं व्याज त्याला दिसणारच नाही. घरातली बँक काढा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या महिन्यातल्या सर्वांत कमी शिलकीवर १० टक्के. सर्वांत कमी अशासाठी, की शेवटच्या दिवशी आजीकडून उसने आणून बरणी भरता येऊ नये (मुलं हे करतातच, आणि डोकं चालतंय म्हणून मनातल्या मनात कौतुक करायला हरकत नाही). १०० चे ११०, मग १२१, मग १३३ आणि वर १० पैसे. हे आकडे त्यानेच वहीत मांडायचे. पहिल्या महिन्यात १० वाढले, दुसऱ्यात ११ का, हा प्रश्न त्याच्या तोंडून आला की काम झालं. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायचा अंदाज येतो. इथे ७.२ महिने. सातव्या महिन्याअखेर १९४.८७ होतात, म्हणजे अंदाज जवळपास बरोबर.

मुद्दलाला कमाल मर्यादा घाला आणि बँक एका वर्षाने बंद होणार हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. या दराने १०० चे वर्षात ३१४ आणि दोन वर्षांत ९८५ होतात. बंद करताना खरा दर सांगा: बाहेर इतकं व्याज ठेवीवर कोणी देत नाही, आणि कोणी कबूल केलंच तर पळ काढायचा. हाच दर उलटा फिरवून कर्जालाही लावून दाखवा. १०० उसने घेऊन वर्षभर काहीच फेडलं नाही तर ३१४ द्यावे लागतात, हे त्याच वहीच्या मागच्या पानावर.

आम्ही सगळं फोनवरून भरतो. मुलीला वाटतं फोन दाखवला की वस्तू मिळते.

पैसे भरण्याआधी आणि नंतरची शिल्लक तिला वाचायला लावा, एवढं एक केलं तरी बराच फरक पडतो. तिचा स्वतःचा व्यवहार दोन-तीन वर्षं रोखीनेच राहू द्या. फोनवरच्या खेळांतली खरेदी पासवर्डशिवाय होणार नाही अशी सोय आजच करा. ती रत्नं आणि सोन्याची नाणी अशासाठीच असतात, की खऱ्या पैशाचा आकडा विसरला जावा. रत्नांचं एक पाकीट केवढ्याला आणि तेवढ्यात आपल्या किती आठवड्यांचा हातखर्च जातो, हा भागाकार तिला करू द्या.

मुलाने मित्राला पैसे उसने दिले, परत येत नाहीत. आम्ही मध्ये पडावं का?

रक्कम हातखर्चाएवढी असेल तर नाही. त्याला काय बोलायचं ते घरी एकदा म्हणून दाखवायला सांगा: ‘माझे अमुक पैसे तू अमुक दिवशी घेतलेस, कधी देतोस?’ रक्कम, दिवस, प्रश्न, बास. ‘तू नेहमीच असा’ वगैरे नको. दोनदा विचारून आले नाहीत तर वहीत ‘बुडीत’ असं लिहून रेघ मारायची. त्या मित्राला पुन्हा द्यायचे की नाही ते त्यानेच ठरवावं. रक्कम मोठी असेल किंवा धाकाने घेतलेली असेल तर तो उसनवारीचा मामला नाही. तेव्हा त्याच दिवशी शाळेत जाऊन बोला.